शपथ घेऊन झाली, आता गच्चीचं बोलू

वाचकाचं पत्र

"आमची मानेवाड्याकडची 24 फ्लॅटची स्कीम आहे. यंदा मी असोसिएशनची सचिव झाले. गेल्या पर्यावरण दिनाला आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर 'माझी वसुंधरा' अभियानाची शपथ घेतली, प्रमाणपत्रं ग्रुपवर टाकली आणि तिथंच थांबलो. सोलर, विजेची बचत असं काहीतरी खरोखर व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण कार्यक्रम इतके आहेत की कशात भाग घ्यायचा तेच कळत नाही. बैठकीत विषय काढला की वरच्या माळ्यावरचे काका म्हणतात, गच्ची माझी आहे. एक जण म्हणाले, 'तिकडे कोराडीच्या वीज केंद्रात दिवसरात्र कोळसा जळते, अन् आपण पंखे बदलून काय होते?' दुसऱ्यांचं म्हणणं, पैसे न देणाऱ्यांनाही फायदा मिळणार असेल तर आम्ही का द्यायचे? निम्मे लोक तर बैठकीलाच येत नाहीत. सक्ती करता येत नाही आणि सक्तीशिवाय काही होईल असं दिसत नाही. काय करू?"
— एक सचिव, नागपूर

ताई,

सक्तीचा विचार सोडून द्या. तुम्हाला तिची गरजही पडणार नाही, कारण तुमच्या स्कीममध्ये एक गोष्ट अशी आहे जिचे पैसे 24 ही घरं आजच, न भांडता, दरमहा देतात: कॉमन मीटरचं बिल. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगमधले दिवे. हवामान बदलावर एकमत होण्याची वाट पाहू नका. हे बिल हातात घ्या आणि तिथून सुरू करा. बाकीचे कार्यक्रम त्याला नंतर जोडता येतील.

पहिलं काम कागदाचं. मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा आणि एका कागदावर फक्त दोन रकाने लिहा: महिना आणि युनिट. रुपये आत्ता नकोत, दर बदलत राहतात आणि चर्चा दराकडे जाते. हा कागद लिफ्टच्या दाराशेजारी चिकटवा. ग्रुपवर टाकलेलं वर सरकून जातं. लिफ्टची वाट बघणारा माणूस मात्र समोरचा कागद वाचतोच.

मग एका रात्री मीटरपाशी उभ्या राहा. त्यासाठी पौर्णिमा निवडा असं मी सुचवेन. आपल्या नागपुरात महापालिका आणि ग्रीन विजिल फाउंडेशनच्या स्वयंसेवकांनी 'पौर्णिमा दिवस' चालवला, तो तुम्हाला आठवत असेल: पौर्णिमेला रात्री 8 ते 9 अनावश्यक दिवे बंद ठेवायचे. कुणावर बंधन नाही, दंड नाही. एका तासाने वाचते ती वीज थोडीच, पण तुमच्यासाठी या तासाचा दुसरा उपयोग आहे. बैठकीला न येणारी माणसं मुलांना घेऊन गच्चीवर चांदणं बघायला येतील. आठ वाजता कॉमन मीटरचं रीडिंग घ्या, नऊ वाजता पुन्हा घ्या, आणि हे काम आठवी-नववीतल्या एखाद्या मुलीकडे द्या. दिवे बंद, लिफ्ट उभी, तरीही मीटर पुढे सरकला असेल तर कुठंतरी काहीतरी चालू आहे. बहुतेक वेळा तो पंप असतो. टाकीचा व्हॉल्व्ह गळतो, पातळी खाली जाते, पंप आपोआप सुरू होतो आणि पाणी पुन्हा गळतं. किंवा पंप बंद करायचं चौकीदाराच्या लक्षात राहत नाही आणि टाकी ओसंडून गच्चीवरून पाणी वाहत असतं. पातळी ओळखणारा स्वयंचलित स्विच, जिन्यात हालचालीवर लागणारे दिवे आणि व्हॉल्व्हची दुरुस्ती एवढं केलं तरी लिफ्टशेजारच्या कागदावरचा आकडा उतरलेला दिसेल. तो दिसल्यावर सोलरचा विषय काढा, आधी नको.

आता गच्ची. काकांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. पहिली हक्काची. नागपुरातल्या बऱ्याच फ्लॅट स्कीम 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली आहेत. तुमचीही असोसिएशन आहे म्हणता, म्हणजे तुमची स्कीमही त्यातलीच दिसते. या कायद्यानुसार घोषणापत्रात, म्हणजे आपण ज्याला डीड ऑफ डिक्लेरेशन म्हणतो त्यात, वेगळं काही लिहिलेलं नसेल तर छत ही सामाईक जागा आहे. डीडची प्रत काढा आणि काकांच्या घरी जाऊन त्यांच्यासोबत बसून वाचा. भर बैठकीत ती फडकवू नका. चारचौघांत खोटं ठरलेला माणूस पुढची दहा वर्षं प्रत्येक ठरावाला विरोध करतो.

दुसरी गोष्ट उन्हाची, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा सगळ्यात जास्त भाजून निघतात ते वरच्या माळ्यावरचे लोक. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत आत उष्णता सोडत राहतो, आणि पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. पॅनल स्लॅबपासून उंच उभे केले की त्यांच्या खालची सावली थेट काकांच्या खोल्यांवर पडते. उरलेल्या मोकळ्या स्लॅबला उन्हाळ्याआधी चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग दिला, तर खालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. या कामात सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त फायदा काकांचा आहे, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसावं. रंगाचा खर्च असोसिएशनने करावा. काकूंनाही विचारा: कुरड्या, सरगुंडे, ज्वारीचे पापड कुठे वाळवायचे? सांगाडा माणूस खालून सरळ चालू शकेल इतका उंच घेतला आणि एक कोपरा पूर्ण मोकळा ठेवला तर वाळवणही होतं. हा प्रश्न किरकोळ समजू नका. अशा प्रश्नांवरूनच ठराव अडतात.

हिशोब असा मांडा. समजा, पंप-दिवे दुरुस्त केल्यावर कॉमन मीटर महिन्याला 600 युनिटवर आला. आपल्याकडे 1 किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने महिन्याला 100 ते 120 युनिट देतं, म्हणजे तुम्हाला 6 किलोवॉट लागेल. जागा साधारण 600 चौरस फूट, जिच्यावर टाकीची सावली पडत नाही अशी. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्था आणि रहिवासी संघटनांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. तुमच्या 6 किलोवॉटला 1,08,000 होतात. किलोवॉटला 58,000 च्या आसपास भाव धरला तर एकूण साडेतीन लाखांच्या घरात, आणि अनुदान वजा जाता 2,40,000. सरसकट 10,000 रुपये घरामागे. वाचणारं युनिट 10 रुपयांचं धरलं तरी महिन्याला 6,000, वर्षाला 72,000. साडेतीन वर्षांच्या आत पैसे परत येतात आणि पॅनल पुढं वीस वर्षं चालतात. स्थिर आकार भरावाच लागतो, बिल शून्य होईल असं कुणालाही सांगू नका.

आणखी काही गोष्टी ठरावाआधी सांगून टाका, कारण नंतर त्यांवरूनच वाद होतात. बॅटरी नसलेलं सोलर लाईट गेली की बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक बसू नये म्हणून ती रचनाच तशी असते. म्हणजे सोलर आहे म्हणून लिफ्ट अडकणार नाही, असं होत नाही. दुसरं, नागपूरच्या मे महिन्यात पॅनल सगळ्यात जास्त वीज देतील असा समज असतो, पण पॅनलला ऊन आवडतं आणि उष्णता आवडत नाही. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटतं, आणि दुपारी काचेखालचा भाग 60 अंशांच्या वर जातो. तिसरं धुळीचं. दर दहा-पंधरा दिवसांनी पॅनल धुवावे लागतात, तेही सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर लगेच पुसून घ्या. क्षारांचे पांढरे डाग बसले की ते धुळीपेक्षा वाईट.

कंत्राटदार योजनेच्या पोर्टलवर नोंदणी झालेलाच घ्या. अनुदानासाठी पॅनलमधले सेलही भारतात बनलेले असावे लागतात, ते कोटेशनमध्ये लिहून घ्या. पाच वर्षांची देखभालही लेखी घ्या. आणि एप्रिल-मेमधलं आपलं अवकाळी वादळ लक्षात ठेवून विचारा की सांगाडा किती वाऱ्यासाठी बनवलाय. दुकानातल्या पत्र्याच्या शेडसारखा सांगाडा ठोकून देणारे बरेच आहेत. सगळी रक्कम आगाऊ देऊ नका, नेट मीटर, म्हणजे तुम्ही बाहेर दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर, बसेपर्यंत काही हिस्सा हातात ठेवा.

तुमच्या मागच्या ले-आउटमधल्या स्वतंत्र घरवाल्यांनाही याच वेळी विचारा. त्यांना पहिल्या 2 किलोवॉटसाठी किलोवॉटमागे 30,000 आणि तिसऱ्यासाठी 18,000, असे कमाल 78,000 रुपये मिळतात. दहा घरांनी एकत्र कोटेशन मागितलं की भाव उतरतो, आणि कंत्राटदाराचा फोन नंतरही लागतो.

ज्या गृहस्थांनी 'पंखे बदलून काय होते' असं विचारलं, त्यांना मी दोन उत्तरं देईन, आणि दोन्ही त्यांच्या प्रश्नाचा मान ठेवून.

पहिलं पंख्याचं. 24 घरं, घरात चार पंखे, म्हणजे 96. जुना पंखा 75 वॉटच्या आसपास खातो, कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचा, म्हणजे बीएलडीसी पंखा 30 ते 35. पंख्यामागे 40 वॉट वाचले आणि पंखा पूर्ण वेगाने दिवसाला 12 तास चालला तर दिवसाला 46 युनिट, महिन्याला जवळपास 1,380. म्हणजे गच्चीवरचं जे सोलर बसवायला तुम्ही एवढी धडपड करणार आहात, त्याच्या दुप्पट. नागपुरात पंखा मार्च ते ऑक्टोबर चालतोच, त्यामुळे हा आकडा फार फुगवलेला नाही. सगळे पंखे एकदम बदला असं नाही. जो बिघडेल, ज्याची वाइंडिंग जळेल, तिथं जुनाच दुरुस्त न करता नवीन घ्यायचा, एवढं ठरवलं तरी चालेल. भाड्याने राहणारेही यात भाग घेऊ शकतात, कारण पंखा घर सोडताना काढून नेता येतो.

दुसरं उत्तर कोराडीचं. आकड्यात ते बरोबर आहेत. कोराडीत 660 मेगावॉटचे तीन संच आहेत, खापरखेड्याचं केंद्र 1,340 मेगावॉटचं. तुमचे 6 किलोवॉट त्यांच्यापुढे काही नाहीत. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्यातला राखेचा बंधारा फुटला तेव्हा तिथल्या शेतात आणि नदीत जे गेलं, ते कुणाच्या पंखा बदलण्यानं भरून येत नाही. म्हणून आपल्या स्कीममध्ये पॅनल लावले की आपली जबाबदारी संपली असं म्हणायला माझं मन तयार होत नाही. पण मोठ्या प्रकल्पांमध्ये बोलण्यासाठीही नागरिकांना जागा दिलेली आहे, आणि ती आपण क्वचित वापरतो. मे 2023 मध्ये कोराडीत नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे अशा सुनावणीआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि त्या काळात कुणीही लेखी हरकत किंवा सूचना पाठवू शकतो. ज्यांनी स्वतःच्या स्कीमचं बारा महिन्यांचं युनिट लिहून काढलंय, ज्यांना दुपारी सोलरमधून मिळणारी आणि रात्री केंद्रातून येणारी वीज यातला फरक माहीत झालाय, त्यांचं एक पानी निवेदन मला शंभर सह्यांच्या छापील अर्जापेक्षा वजनदार वाटतं. त्या गृहस्थांना हे काम द्या. त्यांना कोराडीची चीड आहे, ती वाया जाऊ नये.

आता उरलेले कार्यक्रम. माझी वसुंधरा अभियान राज्याच्या पर्यावरण विभागाने 2 ऑक्टोबर 2020 ला सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच भागांत महापालिका, नगरपालिका, ग्रामपंचायतींना गुण मिळतात, आणि ऊर्जा अग्नीत येते. नागरिकाची शपथ हा त्यातला सगळ्यात सोपा तुकडा आणि तुम्ही तो पार केलाय. पुढं एवढंच करा की काम झालं की फोटो आणि युनिटचा कागद घेऊन झोन कार्यालयात द्या. मिशन लाईफ, म्हणजे पर्यावरणपूरक सवयींसाठीचं केंद्र सरकारचं अभियान, त्याचंही तसंच, सवयींची यादी चांगली आहे, मुलांकडे सोपवा.

एका गोष्टीची मात्र फारशी कुणी दखल घेतली नाही, तिच्यावर थांबते. मार्च 2021 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाने हरित विजेचा दर ठरवला: ज्याला आपली सगळी वीज अक्षय स्रोतांतून हवी, त्याने नेहमीच्या दरावर युनिटमागे 66 पैसे जादा भरायचे आणि तशी मागणी वीज कंपनीकडे नोंदवायची. गच्ची नसेल, सावली असेल, काका ऐकतच नसतील, तरीही हे करता येतं. आजचा दर महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारून घ्या. 66 पैशांनीच धरलं तर 600 युनिटचे 396 रुपये होतात, घरामागे महिन्याला साडेसोळा. खांबावरून येणारी तार तीच राहते, तुमच्या घरात वेगळी वीज शिरत नाही. तुमच्या मागणीएवढी अक्षय वीज कंपनीने खरेदी करायची, असा तो व्यवहार आहे. सोलरचा निर्णय लांबला तर तोवर तुमच्या स्कीमने हे घ्यावं असं मला वाटतं.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे टाळलेल्या कार्बनचं प्रमाणपत्र विकून, पैसे मिळवून देतो म्हणणारा कुणी दारात आला, तर नम्रपणे परत पाठवा. तुमचे 6 किलोवॉट वर्षाला 8,000 च्या आसपास युनिट देतील. आपल्या ग्रिडवर, म्हणजे देशभरच्या वीज जाळ्यावर, एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे साडेपाच-सहा टन. एवढ्या छोट्या आकड्याची नोंदणी आणि तपासणी करून घ्यायला जो खर्च येतो तो मिळणाऱ्या पैशांपेक्षा कितीतरी जास्त. आणि क्रेडिट एकदा विकलं की ती बचत विकत घेणाऱ्याच्या नावावर जाते, तुम्हाला ती आपली म्हणून सांगता येत नाही.

शेवटी पैसे न देणाऱ्यांचा प्रश्न. यावर माझं मत स्पष्ट आहे: त्यांना फायदा द्या, पण क्रम ठरवून. समजा, 15 घरं तयार झाली आणि त्यांनी प्रत्येकी 16,000 घातले. ही वर्गणी धरू नका, असोसिएशनकडची ठेव म्हणून ठरावात लिहा आणि प्रत्येकाला पावती द्या. कॉमन बिलात दरमहा जी बचत होईल ती आधी ठेवी फेडायला जाईल. तोवर सगळ्यांचा मेंटेनन्स आहे तेवढाच राहील, म्हणजे पैसे न देणाऱ्याच्या खिशातून काही जास्तीचं जात नाही. ठेवी फिटल्या की मेंटेनन्स 24 ही घरांचा सारखा कमी होईल. जे आज तयार नाहीत त्यात कुणी एकट्या पेन्शनवर असेल, कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणी भाडेकरू असेल. त्यांच्याकडून कारण मागू नका. नाही म्हणायची सोय ठेवली की लोक हो म्हणायलाही मोकळे होतात, हे मी बऱ्याच स्कीममध्ये पाहिलं आहे. ठराव लिहिताना ठेव परत करण्याचा क्रम, फ्लॅट विकला गेला तर ठेवीचं काय, आणि पॅनल धुण्याचे पैसे कुठून, या तीन गोष्टी त्यात आल्याच पाहिजेत. मसुदा तयार झाला की मला पाठवा, मी वाचून देईन.